तासभर दिवे बंद ठेवून काय होतं?
दरवर्षी मार्चमध्ये एका शनिवारी रात्री ८.३० ते ९.३० दिवे बंद ठेवण्याचं आवाहन होतं. हा 'अर्थ अवर' २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत सुरू झाला. मुलं आम्हा शिक्षकांना विचारतात, याने वीज किती वाचते? हिशोब साधा आहे. ९ वॅटचे ५ एलईडी तासभर बंद ठेवले, तर एका युनिटचा विसावा भागही वाचत नाही. मग कशासाठी? आठवण म्हणून. आपली बहुतेक वीज कोळसा जाळून बनते आणि त्या कार्बनमुळे पृथ्वी तापते. रिकाम्या खोलीत ७५ वॅटचा पंखा १४ तास फिरला, की एक युनिट वाया गेलं. खरी फिजूलखर्ची ही, रोजची. दिवे बंद करायला आपण घरभर फिरूच, तेव्हा मुलांना सोबत घ्या. विनाकारण काय चालू आहे ते त्यांनाच शोधू द्या.