बेने इस्राएल परंपरा व ज्यू विधिशास्त्र

बेने इस्राएल परंपरा व ज्यू विधिशास्त्र : महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके वस्ती करून असलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाचे धर्माचरण आणि ज्यू धर्माचे ग्रंथनिष्ठ विधिशास्त्र यांचा परस्परसंबंध. ‘बेने इस्राएल’ या हिब्रू संज्ञेचा अर्थ ‘इस्राएलची मुले’ असा आहे. ज्यू धर्म हा मुख्यतः ग्रंथाचा व विधिनियमांचा धर्म मानला जातो. परंतु या समाजाने ग्रंथ हाती नसताना दीर्घकाळ तो धर्म आचरणातून टिकविला आणि ग्रंथ पुन्हा प्राप्त झाल्यानंतर त्याच ग्रंथाधारे त्याच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली. या विरोधाभासाचा उलगडा होण्यासाठी ज्यू विधिशास्त्राने विरोधाभासाला दिलेले स्थान प्रथम लक्षात घ्यावे लागते.

विधिशास्त्रातील विरोधाभास : ज्यू विधिशास्त्रास ‘हलाखा’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘चालणे’ हा अर्थ आहे. ‘तोरा’ म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील पहिले पाच ग्रंथ, त्यांवरील मौखिक परंपरेचे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेले ‘मिश्ना’ आणि त्यावरील विस्तृत चर्चेचा ‘तालमूद’ हे त्याचे प्रमुख आधार होत. तालमूदमध्ये निर्णयांबरोबर मतभेदही नोंदलेले असतात व फेटाळले गेलेले मतही जपून ठेवलेले असते. इसवी सनाच्या प्रारंभीच्या हिलेल व शम्माय यांच्या दोन संप्रदायांतील वाद याचे प्रसिद्ध उदाहरण होय. दोन्ही पक्षांची मते ईश्वराचीच वचने आहेत, तथापि आचार हिलेलच्या मतानुसार करावा, असा निर्वाळा परंपरेने दिला. हिलेलचे अनुयायी प्रतिपक्षाचे मत आपल्या मताआधी मांडत, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

तालमूदमधील एका कथेत रब्बी एलिएझर आपल्या मताच्या समर्थनार्थ एकामागून एक चमत्कार घडवितात व अखेर आकाशवाणीही त्यांच्या बाजूने होते. तरीही अन्य पंडित ती अमान्य करतात. तोरा एकदा मानवाला दिल्यानंतर तिचा अर्थ स्वर्गात ठरत नाही, तो बहुमताने ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद असतो. या पराभवावर ईश्वर प्रसन्नतेने हसला, असे कथा सांगते. याउलट बहुमतालाही मर्यादा घातलेली आहे : देहान्त शिक्षेच्या खटल्यात सर्व न्यायाधीशांनी एकमताने आरोपीस दोषी ठरविले, तर तो सुटतो, असा एक नियम आढळतो. ज्या न्यायमंडळात आरोपीची बाजू मांडणारा एकही आवाज उठला नाही, तेथे सत्याचा पुरेसा शोध झालेला नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

काही विरोधाभास मूळ ग्रंथातच आहेत. ‘गणना’ या ग्रंथात सांगितलेल्या तांबड्या कालवडीच्या राखेने प्रेतस्पर्शाचा विटाळ झालेला मनुष्य शुद्ध होतो, पण ती राख सिद्ध करणारा शुद्ध मनुष्य मात्र संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो. ज्ञानी शलमोनालाही या विधीचे रहस्य कळले नाही, असे परंपरा मानते. कारण न कळताही पाळावयाच्या आज्ञेचा हा नमुना समजला जातो. शब्बाथ म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचे नियम अत्यंत कडक आहेत. तथापि कोणाचा जीव धोक्यात असेल, तर ते मोडणे हेच कर्तव्य ठरते. बंडखोर मुलाला देहान्त शिक्षा देण्याची ‘अनुवाद’ ग्रंथातील आज्ञा पंडितांनी इतक्या अटींनी जखडली, की असा मुलगा कधी झाला नाही व होणारही नाही, असे मत तालमूदमध्ये नोंदले गेले. मग ही आज्ञा कशासाठी, या प्रश्नाला केवळ अभ्यासासाठी, असे उत्तर तेथे दिलेले आहे. अक्षर कायम ठेवून त्याचा अर्थ मानवी जीवनाशी सुसंगत करीत नेण्याची ही रीत होय.

कोकणातील आचार : पॅलेस्टाइनहून निघालेले एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यानजीक फुटले व त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रिया यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा आहे. सर्व ग्रंथ समुद्रात बुडाले, हा त्या कथेचा महत्त्वाचा भाग आहे. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला व १९३७ मध्ये तेल आवीव्ह येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ या परंपरेचे प्रमुख साधन होय. त्यांच्या मते हे स्थलांतर इ. स. पू. दुसऱ्या शतकात झाले. हानुक्का हा सण समाजात पूर्वी पाळला जात नसे, ही बाब या मताच्या पुष्ट्यर्थ पुढे केली जाते, कारण तो सण इ. स. पू. १६४ च्या सुमारास जेरूसलेमच्या मंदिराच्या शुद्धीकरणानंतर सुरू झाला. आगमनाच्या काळाविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यातील गावोगावी स्थिरावलेल्या या समाजाने तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. गावांवरून घेतलेली दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर यांसारखी आडनावे त्यांच्यात रूढ झाली. शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, आहारातील विधिनिषेध आणि ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा एवढाच वारसा त्यांच्याजवळ उरला होता. सुंता, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी हीच एक प्रार्थना म्हटली जाई. मांस व दूध एकत्र न करण्याच्या नियमाला नारळाच्या दुधाने सहज वाट करून दिली. बदामाचे दूध मांसात घालावयाचे झाल्यास पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून त्यात बदाम ठेवावेत, अशी दक्षता अन्यत्र विधिशास्त्राने घेतलेली दिसते. नारळ घरोघरी खवला जाणाऱ्या कोकणात अशा खुणेची गरज भासण्याचे कारण नव्हते.

सण : बेने इस्राएलांच्या सणांची जुनी नावे मराठी असून त्यांत सणामागील बायबलकथेचा निर्देश नसतो, केवळ कृतीचा असतो. ज्यू वर्षारंभाला ‘नव्याचा सण’ म्हणत. त्यानंतरचा ‘खिरीचा सण’ नव्या धान्याच्या खिरीने साजरा होई. प्रायश्चित्त दिनाला ‘दारफाळणीचा सण’ असे नाव होते. त्या दिवशी उपवास करून, पांढरी वस्त्रे नेसून व दारे लावून सर्वजण घरात राहत आणि इतरांचा स्पर्श टाळीत. दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळ्या सणा’स दानधर्म व गाठीभेटी होत. या दिवसाची अखेरची प्रार्थना ज्यू जगतात ‘दार मिटणे’ या अर्थाच्या नावानेच ओळखली जाते. ती प्रार्थना विस्मृतीत गेली असतानाही कोकणात दार मात्र मिटले जात होते.

वल्हांडण सणाची गोष्ट याहून लक्षणीय आहे. ईजिप्तमधील दास्यातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ या सणात खमीर वर्ज्य करून बेखमीर भाकर खातात. हीच भाकर दास्याच्या कष्टांची व मुक्तीच्याही घाईची खूण असते. एकाच घासात दोन्ही स्मृती बाळगणे, हे या सणाचे मर्म होय. कोकणात मात्र त्याचे नाव ‘अनसी ढाकाचा सण’, म्हणजे आंबट पातळ पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, असे होते. तांदळाची भाकरी खाणाऱ्या प्रदेशात खमिराच्या निषेधाला फारसा विषय नव्हता. आंबवणाचे भांडे झाकण्यात तो निषेध शिल्लक राहिला असावा.

एस्तेरच्या कथेवर आधारलेला पुरीम हा सण होळीच्या सुमारास येत असल्याने त्याला ‘होळीचा सण’ म्हणत. हिब्रू एस्तेर ग्रंथात ईश्वराचे नाव एकदाही येत नाही, तरी संकटातून झालेल्या सुटकेत त्याचाच गुप्त हात असल्याचे परंपरा मानते. जेरूसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा शोकदिन ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून पाळला जाई. त्या प्रसंगी जमिनीवर बसून केळीच्या पानावर वालाचे बिरडे खाण्याची रीत होती. ‘सण’ म्हणून ओळखले जाणारे दिवस प्राचीन व ‘रोजा’, ‘उरूस’ अशा हिंदुस्थानी नावांचे दिवस नंतरच्या काळात आलेले, अशी विभागणी केहिमकरांनी केली आहे. ‘एलिया हनाबीचा उरूस’ हा यांपैकीच एक. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर एलिया प्रेषिताच्या रथाच्या खुणा असल्याची श्रद्धा आहे. नवस फेडताना किंवा मंगलप्रसंगी गोड पोहे, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाचे स्मरण करतात. हा विधी बेने इस्राएलांचे वैशिष्ट्य समजला जातो.

ग्रंथांचे पुनरागमन : दाविद राहाबी या प्रवाशाने या समाजाची ओळख पटवली, असे सांगतात. त्याने स्त्रियांसमोर नाना प्रकारचे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी पर व खवले असलेले तेवढेच निवडले. तोरातील नियम हाच आहे. राहाबीने तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मशिक्षण दिले व ते समाजाचे काझी झाले. त्याच्या काळाविषयी मतभेद असून काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनचा व्यापारी मानतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर (सिनेगॉग) बांधले. ‘शाआर हारहमीम’ (दयेचे द्वार) या नावाचे हे मंदिर लोकांत ‘जुनी मशीद’ म्हणून परिचित झाले.

एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या ज्यू शिक्षकांबरोबरच ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही बेने इस्राएलांत शिक्षणकार्य केले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मराठी बायबलमुळे आपल्या सणांमागील कथा समाजाला आपल्याच भाषेत वाचता आल्या. धर्मांतराच्या अपेक्षेने दिलेल्या या साधनांचा परिणाम उलट होऊन समाजाची ज्यू धर्मनिष्ठा अधिक जाणती व दृढ झाली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या ‘हग्गादा’ या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या सचित्र आवृत्तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. भांडे झाकण्यापुरत्या उरलेल्या सणाला पुन्हा कथा मिळाली, ती हरिदासी कीर्तनाच्या रूपातही मिळाली.

विवाहविषयक वाद : इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९४८) या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तेथे स्थलांतरित झाली. तेथे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत असल्याने काही रब्बींनी बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. ग्रंथोक्त घटस्फोटपत्राचा आणि निपुत्रिक विधवेच्या दिराने करावयाच्या मोचनविधीचा नियम या समाजाला पूर्वी ज्ञात नव्हता. तेव्हा त्याशिवाय झालेल्या पुनर्विवाहांची संतती विधिदृष्ट्या निषिद्ध ठरण्याचा संभव आहे, असा त्यांचा आक्षेप होता. घटस्फोट समाजात क्वचितच होत, म्हणून त्याच्या चुकीच्या विधीचा प्रश्नही विरळाच, असे त्यावर उत्तर दिले गेले. मुख्य धर्मपीठाने १९६१ मध्ये अशा विवाहांना अनुकूल निर्णय दिला. तथापि १९६२ मध्ये काढलेल्या सूचनांनी विवाहनोंदणीपूर्वी बेने इस्राएल अर्जदारांच्या मागील पिढ्यांची चौकशी करणे आवश्यक केले.

यातील विरोधाभास विधिशास्त्राच्या अंगभूत आहे. निषिद्ध संततीविषयीचा तोराचा नियम कठोर आहे. त्याचबरोबर समाजात मिसळून गेलेल्या कुळाची पूर्वपीठिका उकरून काढू नये, असे तत्त्वही तालमूदमध्ये आढळते. पहिल्या तत्त्वाचा आधार घेणाऱ्यांनी दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले, अशी टीका झाली. शनिवार पाळल्यामुळे शेजाऱ्यांत वेगळा ओळखला गेलेला समाज स्वधर्मीयांच्या देशातही वेगळा काढला गेला, ही भावना तीव्र झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरूसलेममध्ये ठिय्या आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू असून त्यांना समान हक्क आहेत, असे घोषित केले. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतील समाजाचा नामनिर्देश वगळला व चौकशीचा नियम शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीपुरता सर्वसाधारण केला. नियमाचे अक्षर राहिले, पण त्याचा रोख पालटला.

सद्यःस्थिती व महत्त्व : भारतात हा समाज आता अल्पसंख्य असून तो मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्ह्यात आढळतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमधील बेने इस्राएलांत मलिद्याचा विधी टिकून असून तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही प्रसिद्ध झाले. ज्यू परंपरेत आज्ञेचा अर्थ कळण्याआधी तिचे पालन करण्याची तयारी हा सीनाय पर्वतावरील कराराचा गाभा मानला जातो. कोकणातील शनिवारी थांबलेला घाणा, मिटलेले दार व झाकलेले भांडे यांत या तयारीचा दीर्घकालीन प्रत्यय येतो. अर्थाचा शोध ग्रंथाबरोबर नंतर आला. तो आचाराला पर्याय म्हणून आला नाही, तर आचारामुळेच शक्य झाला. [→ ज्यू धर्म, तालमूद, बायबल].