मांडीवरचं बाळ

मुलांच्या कार सीटवरून अमेरिकेत पेटलेल्या वादाला वीस वर्षं उलटून गेली. जुलै २००५ मध्ये अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि पत्रकार स्टीफन डबनर यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत लिहिलं, की दोन वर्षांवरच्या मुलांचा जीव वाचवण्यात कार सीट साध्या सीट बेल्टपेक्षा सरस ठरत नाही. आधार होता १९७५ पासूनच्या प्राणघातक अपघातांच्या सरकारी नोंदींचा.

त्याआधीची वर्षं चार ओळींत आटोपतात. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या पाठपुराव्यामुळे टेनेसी राज्याने १९७७ मध्ये मुलांच्या कार सीटचा अमेरिकेतला पहिला कायदा केला. मात्र मांडीवर घेतलेल्या मुलाला त्यातून सूट मिळाली. ती रद्द व्हायला १९८१ उजाडलं. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत कायदे झाले.

खरी खडाजंगी झाली ती २००५ नंतर. लेव्हिट यांच्या नोंदींत किमान एक मृत्यू झालेलेच अपघात होते. ज्यांत सगळे बचावले, ते मोजलेच गेले नाहीत. फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २००६ मध्ये इतर अपघातही हिशेबात धरले. नीट बसवलेल्या कार सीटमुळे दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचा धोका बेल्टच्या तुलनेत २८ टक्क्यांनी कमी दिसला. आणि प्रश्न फक्त मरण्याचा थोडाच होता? चार ते सात वर्षांच्या मुलांना बूस्टरवर, म्हणजे उंच बसवणाऱ्या आसनावर, बसवलं तर दुखापतीचा धोका ५९ टक्क्यांनी घटतो, हे २००३ मध्येच छापून आलं होतं.

पाच वर्षांच्या मुलाला मागच्या सीटवर बसवून मोठ्यांचा बेल्ट लावून पाहावा. पाय खाली टेकत नाहीत, म्हणून ते पुढे घसरतं. कमरेच्या हाडावर बसायला हवा तो पट्टा पोटावर चढतो आणि वरचा गळ्याला घासतो. गाडी आदळली की तोच पट्टा पोटात रुतून आतड्यांना आणि मणक्याला इजा करू शकतो. बूस्टर मुलाला फक्त वर उचलतो; तेवढ्याने पट्टा जागेवर येतो.

लेव्हिट यांचं एक म्हणणं मात्र रास्त होतं: कार सीट बसवायला किचकट असते आणि पुष्कळदा चुकीची बसवली जाते. शिवाय, बेल्टही लावू नका, असं ते कधीच म्हणाले नव्हते. दुर्दैवाने 'कार सीट सरस नाही' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

महाराष्ट्रात तर मुलांबाबतचा वाद अजून बेल्टपर्यंतही पोचलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा कार सीट नसेल तर हजार रुपये दंड ठेवला. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा महिनाभर चालली. मुलांचा विषय तिच्यात जेमतेम आला. आजही द्रुतगती मार्गावर पुढच्या सीटवर, आईच्या मांडीत, काचेला हात टेकून उभं राहिलेलं बाळ दिसतं. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोच्या त्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोंचा जोर लागतो. टेनेसीने १९८१ मध्येच मोडीत काढलेली ती सूट इथे घराघरांतून दिली जाते.