नियम वाकवणाऱ्यालाही बक्षीस
कोडची जत्रा : लेखांक ६

गेल्या आठवड्यातल्या आयसीपीसी स्पर्धेचा थाट परीक्षेचा होता. तिघांच्या संघाला एक संगणक, पाच तास, आणि पुढे सुटलेल्या गणितावर आधीच्या प्रत्येक चुकीसाठी वीस मिनिटांचा दंड. गंमत म्हणून भरवायच्या स्पर्धेची आखणी मात्र वेगळीच करावी लागते.

तिचा उत्तम नमुना १९८४चा. अमेरिकेत नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये लँडन नोल आणि लॅरी बॅसल दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढत होते. त्यातला एक कोड स्टीव्ह बॉर्न यांच्या युनिक्स शेलचा. बॉर्न यांनी मॅक्रो वापरून सी भाषेला चक्क अल्गोलचा पोशाख चढवलेला! तो वाचताना दोघांच्या नाकी नऊ आले. सहज लिहिलेला कोड इतका अगम्य होत असेल, तर मुद्दाम लिहिला तर काय होईल? या चेष्टेतून ‘इंटरनॅशनल ऑब्फस्केटेड सी कोड कॉन्टेस्ट’ जन्मली. वाचणाऱ्याला घाम फुटावा, पण प्रोग्रॅम चालला पाहिजे, एवढीच अट.

पहिल्याच वर्षी एका प्रवेशिकेत ‘मेन’ हे फंक्शनच नव्हतं. त्या नावाची आकड्यांची नुसती रांग होती, आणि ते आकडे म्हणजे पीडीपी-११ आणि व्हॅक्स या यंत्रांच्या थेट आज्ञा! परीक्षकांनी तिला बक्षीस दिलं आणि पुढे एकाच यंत्रावर चालणाऱ्या कोडला बंदी घातली. १९९४मध्ये तर कहर झाला. स्वतःचाच कोड छापणाऱ्या प्रोग्रॅमला क्वाइन म्हणतात. एकाने ‘जगातला सर्वांत छोटा क्वाइन’ म्हणून शून्य बाइटची फाइल धाडली. फाइल रिकामी, छापलेलंही काही नाही, म्हणजे हिशेब चोख. त्याला ‘नियमांचा सर्वांत वाईट गैरवापर’ हा किताब मिळाला आणि ती वाट बंद झाली. आयोजकांची खरी हुशारी इथे आहे: चलाखी आधी गौरवायची, मग पळवाट बुजवायची. बक्षिसांची नावंही ते प्रवेशिका पाहूनच ठरवतात, आणि निकाल लागेपर्यंत स्पर्धकांची नावं पाहत नाहीत.

गुणतक्त्याचं काय? एरिक वास्टल यांचं ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ २०१५पासून दर डिसेंबरात रोज एक कोडं देतं. भारतात ते सकाळी साडेदहाला उघडतं. सर्वांत वेगवान शंभर जणांच्या जागतिक यादीपायी लोक हातघाईवर आले, काहींनी सर्व्हरवर हल्लेही केले. २०२५मध्ये वास्टल यांनी ती यादीच काढून टाकली आणि पंचवीस दिवसांचे बारा केले. उशिरा केलं, पण योग्य केलं.

आपल्या गटासाठी सर्वांत सोपी म्हणजे कोड गोल्फ: कमीत कमी बाइटमध्ये काम उरकायचं. पण बाइट मोजायचे की अक्षरं, हे आधीच ठरवा. ‘नमस्कार’मध्ये डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, युनिकोडच्या लेखी सात चिन्हं आहेत, आणि यूटीएफ-८मध्ये त्यांचे एकवीस बाइट होतात. मराठी मजकूर छापायला सांगणाऱ्या आयोजकाची निकालाच्या दिवशी इथेच भांडणं लागतील. पायथॉन आणि सी यांना एकाच पंगतीत बसवू नका. भाषेगणिक वेगळा विजेता ठेवा. नियम एका पानात बसवा आणि सगळे कोड निकालानंतर सर्वांना वाचायला द्या.

पुढच्या आठवड्यात : तेरा किलोबाइटमध्ये मावणारे गेम.