चोरवाटेची हवा

सकाळी ८.३०
इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डची शंका असली की गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावायला सांगतो. गिऱ्हाइकाला ते जड जातं, पण इलाज नाही. रात्रभर गार झालेल्या इंजिनात रबराचं पॅकिंग आक्रसलेलं असतं आणि फटीतून हवा आत ओढली जाते. इंजिन तापलं की रबर फुगतं, फट बुजते आणि 'आता तर झ्याक चालतीया की' म्हणत माणूस गाडी घेऊन जातो. म्हणून शटर वर गेलं की चहाच्या आधी स्टार्टर.

आज पेट्रोलच्या दोन गाड्या आहेत. हॅचबॅक सुरू झाली ती थेट पंधराशे आरपीएमवर, आणि गरम झाली तरी खाली येईना. सेडान आयडलला थरथरतेय, मिसिंग आहे, चेक लाइट पेटलेला. हॅचबॅकला मात्र दिवाही नाही आणि कोडही नाही.

९.१५
कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं आमचा हेल्परही समजत होता. त्याला स्कॅनर दाखवला. या गाडीत हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधल्या दाबावरून घेतला जातो. गळतीतून आलेली हवाही दाब वाढवते, मग कॉम्प्युटर बिनबोभाट त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. मिश्रण ठीक राहतं, फक्त इंजिन जोरात पळतं. कॉम्प्युटरच्या लेखी सगळं आलबेल.

आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे इथं एवढाच यायला हवा. मुंबईत १०१ दिसतो म्हणून इथला चांगला सेन्सर काढून फेकणारे लोक आहेत. इंजिन चालू केल्यावर आयडलला तीस-पस्तीस हवा होता, दिसला पन्नासच्या घरात. हवा शिरतेय, हे नक्की.

कुठून, हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. पक्कडीच्या जबड्यांना फडकं गुंडाळायचं आणि मॅनिफोल्डला जोडलेला एकेक होज दाबत जायचं. ब्रेक बूस्टरचा होज दाबला आणि इंजिन एकदम शांत झालं. पाइपच्या वळणावर, खालच्या अंगाला, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही अशी चीर. 'ब्रेक घट्ट लागतोय' असं हॅचबॅकवाले गुरुजी परवा म्हणाले होते खरे. दोन तक्रारींचं मूळ एकच निघालं.

१०.३०
सेडानची गोष्ट वेगळी. हिच्यात आत जाणारी हवा थ्रॉटलच्या आधीच मोजली जाते, त्यामुळे मागून चोरवाटेनं आलेल्या हवेचा हिशेब लागत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि कोड येतो, पी ०१७१. आधी जिथं गाडी गेली होती तिथं याच कोडवर ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग प्लग बदलले. कोड कायम. तो सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. मिश्रण पातळ झालंय एवढं त्याला कळतं. का झालं, हे आपण शोधायचं असतं.

स्कॅनरवर आयडलला पेट्रोलची दुरुस्ती अधिक बावीस टक्के. अडीच हजार आरपीएमला नेलं, तर उतरून पाच. इथंच निम्मं काम झालं. फट तेवढीच, पण इंजिन जोरात हवा ओढायला लागलं की त्या फटीचा वाटा नगण्य होतो. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर आकडा जोर दिल्यावर वाढला असता.

मग धुराचं मशीन. अगदी कमी दाबानं इनटेकमध्ये धूर सोडायचा आणि बॅटरी घेऊन वाकून बघत बसायचं. कार्ब क्लीनर फवारून आरपीएमचा फरक बघण्याची जुनी पद्धत झटपट आहे, पण शेजारी तापलेला एक्झॉस्ट असताना मी ती पोराला करू देत नाही. पाचेक मिनिटांनी चौथ्या सिलिंडरखालून धुराची बारीक रेघ आली.

मॅनिफोल्ड उतरवला. नायलॉनचा सांगाडा धड होता. रबराचं पॅकिंग मात्र चपटं आणि कडक, नखानं दाबलं तरी दबेना. हेडची उघडी तोंडं आधी स्वच्छ फडक्यानं बंद केली. एक वॉशर आत पडला तर अख्खं इंजिन खोलायची पाळी येते. नवं पॅकिंग बसवून बोल्ट मधून कडेला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. 'वस्ताद, अजून थोडं आवळू?' नको रे बाबा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आटे गेले की रडत बसायचं.

दुपारी २.००
डिझेल एसयूव्ही. पिकअप नाही, काळा धूर. मॅनिफोल्ड काढून उलटा केला तर आतली वाट निम्मीसुद्धा उरली नव्हती. ईजीआरमधून परत येणारी काजळी आणि इंजिनच्या श्वासातली तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर जमतो. रोज चार-पाच किलोमीटर शहरात, इंजिन पुरतं तापतच नाही, अशा गाड्यांत जास्त. हे जागेवर खरवडायचं नसतं. ढेकळं थेट व्हॉल्व्हवर जातात. केमिकलमध्ये भिजत घालायचं, लाकडी पट्टीनं काढायचं, पुन्हा भिजवायचं. दुपार त्यातच गेली.

फोनवर मालकांची सूचना आली, 'ते ईजीआरच बंद करून टाका की.' ते मी करत नाही. सिलिंडरमधलं तापमान वाढतं, विषारी नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि ते कायद्यातही बसत नाही.

५.००
एका जुन्या जीपचा अ‍ॅल्युमिनियम मॅनिफोल्ड घेऊन शिवाजी उद्यमनगरात. सरळ पट्टी ठेवली तर मधोमध फिलर गेज आरपार जात होता. सर्फेस मारून घेतला. तिथल्या लेथवाल्यानं पट्टी न लावता नुसत्या बोटानंच वाक ओळखला होता.

६.३०
सेडान रंकाळ्यावरून फिरवून आणली. दुरुस्तीचा आकडा तीनवर.

गुरुजी बिल बघून थबकले. 'पाइप एवढा स्वस्त, आणि मजुरी त्याच्या तिप्पट?' पाइप बदलायला दहा मिनिटं लागली, तो शोधायला तासभर, असं सांगितलं. त्यांनी पैसे दिले, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. न लागणारे चार पार्ट बदलले असते तर याहून मोठं बिल त्यांनी बिनतक्रार दिलं असतं.

डिझेलवाल्यांना काजळीनं भरलेल्या बादलीचा फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, 'हे माझ्याच गाडीतलं कशावरून?'