नत्राची गाठ लोखंडावर कशी सुटते?

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. हे सारे नत्र हवेतून घेतलेले असते. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रच आहे. मग हवा फुकट असताना युरिया तयार करायला एवढा खर्च का येतो, असा प्रश्न प्रशिक्षण वर्गात हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर लोखंडाच्या पृष्ठभागावर सापडते.

हवेतील नत्राच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना जखडलेले असतात. ही गाठ सुटल्याशिवाय हायड्रोजनशी संयोग होऊन अमोनिया तयार होत नाही, आणि अमोनियाशिवाय युरिया नाही. दोन्ही वायू नुसते एकत्र कोंडून तापविले तर काम अतिशय मंद चालते. उष्णता फार वाढवावी, तर तयार झालेला अमोनियाच पुन्हा फुटतो. म्हणून कमी उष्णतेवर गाठ सोडविणारा मध्यस्थ लागतो. त्यालाच उत्प्रेरक म्हणतात.

जर्मनीतील कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ऑस्मियम धातूच्या साहाय्याने अमोनिया तयार करून दाखविला. पण ऑस्मियम अतिशय दुर्मिळ. पुढे बीएएसएफ कंपनीतील आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेतल्या. त्यांत स्वीडनमधील एका लोहखनिजाने चांगले काम दिले. कार्ल बॉश यांच्या नेतृत्वाखाली १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे कारखाना सुरू झाला. आजही बहुतेक कारखान्यांत लोखंडाचाच उत्प्रेरक वापरला जातो.

पृष्ठभागावर काय घडते?

कापसाचा बोळा पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. पदार्थ केवळ पृष्ठभागाला धरून राहतो, ते अधिशोषण. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण अमोनियम धरून ठेवतात तेही अधिशोषणच. मात्र तेथे विद्युतभाराची ओढ असते, तर लोखंडावर वायूचा धातूशी रासायनिक बंध जुळतो.

हायड्रोजनचा रेणू लोखंडावर येताच सहज फुटतो व त्याचे अणू पृष्ठभागावर पसरतात. नत्राचे तसे नाही. त्याचा रेणू आधी सैलसर चिकटतो. लोखंडाकडून त्याला इलेक्ट्रॉन मिळतात, तसतसा दोन अणूंमधील बंध ढिला होतो आणि अखेरीस तुटतो. सर्वांत संथ टप्पा हाच. त्यानंतर नत्राच्या अणूला हायड्रोजनचे अणू एकामागून एक जोडले जातात. तिसरा जोडला की अमोनिया पूर्ण होतो, पृष्ठभाग सोडून उडतो आणि जागा पुढच्या रेणूसाठी मोकळी होते. धातूची पकड सैल असेल तर नत्र फुटत नाही. फार घट्ट असेल तर ते तेथेच अडकून बसते. लोखंडाची पकड बेताची आहे. हे टप्पे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्ट्ल यांनी उलगडून दाखविले व पृष्ठभाग-रसायनशास्त्रातील कामाबद्दल त्यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काम पृष्ठभागावरच होत असल्याने लोखंड सच्छिद्र असावे लागते. त्याचे सूक्ष्म कण उष्णतेने एकमेकांत मिसळून जाड होऊ नयेत म्हणून त्यात ॲल्युमिनियमचे ऑक्साइड घालतात. थोडे पालाशही मिसळतात. त्यामुळे लोखंड नत्राला इलेक्ट्रॉन अधिक सहज देते. आपण पिकाला पालाश देतो तसा हा उत्प्रेरकाचा डोस म्हणा ना! भुईमुगाला हवेहवेसे गंधक मात्र येथे विष ठरते. ते पृष्ठभागावरील जागा अडवून बसते व सहजी सोडत नाही. म्हणून वायू आधी काळजीपूर्वक शुद्ध करावे लागतात.

एवढे करूनही साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि वातावरणाच्या शे-दोनशे पट दाब द्यावा लागतो. एका फेरीत जेमतेम १५ ते २० टक्के वायूंचाच अमोनिया होतो; तो थंड करून वेगळा काढतात आणि उरलेले वायू पुन्हा फिरवतात. शिवाय हायड्रोजन हवेतून मिळत नाही. तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढावा लागतो. रायगड जिल्ह्यातील थळचा खत कारखाना याच वायूवर चालतो. खरा खर्च येथे आहे.

हरभरा, तूर, सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हीच गाठ जमिनीच्या साध्या तापमानाला सोडवितात. त्यांच्या विकरातही लोह असते, जोडीला मॉलिब्डेनम. म्हणून कडधान्याच्या बियाण्याला त्या त्या पिकाचे जिवाणू संवर्धन चोळण्याचा आमचा आग्रह असतो.

ओलसर जमिनीवर युरिया उघडा पडला, तर मातीतील युरिएज विकर त्याचा पुन्हा अमोनिया करते. चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत तो वायुरूपाने लवकर उडून जातो. त्यामुळे युरिया फोकून न देता ओळीत पेरून मातीआड करावा. उभ्या पिकात ते शक्य नसेल तर खत दिल्यावर लगेच हलके पाणी द्यावे, म्हणजे युरिया मुळांच्या थरात उतरेल.