राजीनामा आणि सेवामुक्ती : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

‘राजीनामा’ हा शब्द मूळ फारसी असून ‘संमतीचा लेख’ हा त्याचा अर्थ. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जमीन सोडणारा रयत राजीनामा देई व नवा कब्जेदार कबुलायत लिहून देई. राजीनाम्यातील संमती सोडून जाणाऱ्याची असे. कारखान्यातील राजीनाम्याविषयी मात्र ‘मालकाने मंजूर केल्यावाचून तो लागू होतो काय?’ असा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न मिसळलेले आहेत : सेवा संपुष्टात आली काय, भरपाई देय आहे काय, आणि अन्यत्र नोकरी धरण्यास मनाई आहे काय. या तिहींची उत्तरे भिन्न आहेत.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड व कालांतराने खेड तालुक्यातील चाकण येथे वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने दाटले. साचे बनविणाऱ्या कारागिराला किंवा गुणवत्ता तपासणाऱ्या अभियंत्याला एका कारखान्यात मिळालेले कौशल्य काही मैलांवरील दुसऱ्या कारखान्यातही तितकेच हवे असते. पहिला मालक शिक्षणावर झालेला खर्च पुढे करतो. दुसरा मालक पहिल्याचे सेवामुक्तिपत्र, म्हणजे बोलीतील ‘रिलीव्हिंग लेटर’, मागतो. या पत्रामुळेच नकाराला धार येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने बदलले आहे. १८५९ च्या कायद्यान्वये उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होऊ शके. तो कायदा १९२६ पासून रद्द झाला. आज संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने सक्तीच्या श्रमास बंदी आहे आणि विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ अन्वये वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय हुकुमाने पाळावयास लावीत नाही. एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने राजीनामा हा कर्मचाऱ्याचा हक्क मानला. सेवानियमांत विरुद्ध तरतूद असेल, अथवा शिस्तभंगाची कारवाई चालू किंवा योजिलेली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

तथापि सेवा सोडता येते म्हणून करार निष्प्रभ होतो असे नव्हे. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. कल्याण येथील सेंच्युरी रेयॉनने टायरकॉर्डच्या उत्पादनासाठी परदेशी कंपन्यांकडून गोपनीयतेच्या अटीवर तंत्रज्ञान घेतले होते. तेथील पाळी-पर्यवेक्षकाने मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा करार केला, प्रशिक्षण घेतले आणि १९६४ साली तो कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. ‘गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग’ या खटल्यात १७ जानेवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा मनाईहुकूम कायम ठेवला. परंतु ती मनाई तशाच कामापुरती व १५ मार्च १९६८ पर्यंतच, म्हणजे कराराच्या मुदतीपुरतीच होती. कल्याणला परत जाण्याची आज्ञा त्यास झाली नाही. अशी अट जाचक वा एकतर्फी असल्यास ती टिकणार नाही, हेही न्यायालयाने सूचित केले. मुदत संपल्यानंतरच्या मनाईस कराराच्या कायद्याचे २७ वे कलम आड येते. क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणी २००६ साली हेच तत्त्व लागू झाले.

भरपाईसंबंधी १८७२ च्या त्याच कायद्याचे ७४ वे कलम महत्त्वाचे. करारात नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय. तिच्या आत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. विजया बँकेच्या प्रकरणी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लक्ष रुपये देण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ग्राह्य धरली, कारण सार्वजनिक बँकेस नव्या भरतीचा खर्च व कालापव्यय सोसावा लागतो. बाँडवरील प्रत्येक आकडा आपोआप वसूल होतो, असा अर्थ त्यावरून काढता येत नाही.

व्यवहारात म्हणूनच कागदाला महत्त्व येते. तारखेसह लेखी राजीनामा, त्याची पोच, सूचनेच्या मुदतीतील हजेरी आणि सोपविलेल्या हत्यारांची व दप्तराची यादी, एवढा पुरावा असल्यास मालकाच्या मौनाचा अर्थ नकार असा लावणे कठीण जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे असते. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख मालकाने न नोंदविल्यास, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदास ती स्वतः नोंदविता येते.

सारांश, मालकाच्या हाती कामगाराला थांबविण्याचा अधिकार सहसा नसतो. कराराच्या मर्यादेत भरपाई मागण्याचा व क्वचित मनाई मिळविण्याचा अधिकार असतो. सेवामुक्तिपत्र अडवून ठेवल्याने मात्र, कोणत्याही न्यायालयाचा हुकूम नसता, पुढची नोकरी हातची जाऊ शकते. या पट्ट्यातील कामगार-संबंधांचा अभ्यास करणाऱ्याने कायद्यातील हक्क आणि फाटकावरील व्यवहार यांमधील हे अंतर प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.