कुतूहल : मध्यवर्ती सर्व्हर नसताना नोंद पोहोचते कशी?

यवतमाळच्या कापूस बाजारात सकाळी निघालेला भाव कोणी दवंडी न पिटताही दुपारपर्यंत तालुकाभर होतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण तो आणखी चौघांच्या कानावर घालतो; ब्लॉकचेनचे जाळेही याच रीतीने चालते. गडचिरोलीतील एटापल्ली येथे 2022 मध्ये जातप्रमाणपत्रांचे डिजिटल ठसे, म्हणजे मजकुरातील एक अक्षर बदलले तरी पार बदलून जाणारे सांकेतिक आकडे, ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. अशा नोंदी जपणाऱ्या जगभरच्या संगणकांना नोड म्हणतात.

नव्या नोडला आरंभी कोणीच ठाऊक नसते. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच नमूद असलेल्या काही पत्त्यांकडे तो इतर नोडची यादी मागतो आणि मोजक्यांशीच, बिटकॉइनमध्ये साधारणतः 10 जणांशी, स्वतःहून जोडला जातो. आलेला व्यवहार, म्हणजे नवी नोंद, तो आधी तपासतो, सदोष असल्यास तिथेच अडवतो, एरवी जोडलेल्या नोडना, म्हणजे शेजाऱ्यांना, केवळ त्याचा ठसा कळवतो, आणि ज्याच्याकडे तो व्यवहार नसेल तोच पूर्ण मजकूर मागवतो.

खरी मेख शेजाऱ्यांच्या निवडीत आहे: सगळेच एका लबाडाच्या हातचे निघाले, तर नोडला तो दाखवील तेवढेच दिसते, म्हणूनच बिटकॉइनचे सॉफ्टवेअर शेजारी निरनिराळ्या पत्तासमूहांतून निवडते.